टिकतं का बघू

मुलगी – हात आत घ्या बाबा, चाकात येईल.

बाबा – उजवा आहे तो. उजवा माझं ऐकत नाही. तूच घे.

मुलगी – थांबा. हा, ठेवला मांडीवर. आता हलवू नका.

बाबा – हलवू नका म्हणे! हलवता आला असता तर तुझ्याकडून खुर्ची ढकलून घेतली असती का मी? आणि जरा हळू. मैदान आहे की नांगरट?

मुलगी – उद्या संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसेल. तीन दिवस पोरं नाचणार आहेत.

बाबा – आणि त्यांच्यासाठी तू मंडप घातलेस.

मुलगी – मंडप नाही, स्टेज. चार आहेत. चारही माझी.

बाबा – जन्मभर नाटकांचं नेपथ्य केलंय मी. स्टेज म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. दाखव.

मुलगी – हे पहिलं, तळ्यातलं. डीजे त्या तराफ्यावर उभा राहणार, काचेच्या थेंबात. ठोका पडला की थेंबाखाली दिवा पेटतो आणि उजेड पाण्याखालून पसरत पार काठापर्यंत येतो. लोकांच्या पायाशी.

बाबा – छान. वारा सुटला की तराफा फिरेल आणि डीजेची पाठ लोकांकडे.

मुलगी – चारी बाजूंनी नांगर टाकलेत.

बाबा – मग फिरणार नाही. नुसता डुलेल, प्यायल्यासारखा. चल पुढे.

मुलगी – हे दुसरं, झाडांमधलं. एकूण एक खोडाला आरसे लावलेत. आत शिरलं की दहा माणसांची शंभर होतात. आपण कुणाबरोबर नाचतोय, खऱ्या माणसाबरोबर की आरशातल्या, काही कळत नाही.

बाबा – जुनी युक्ती. नाटक पडायला लागलं की आम्हीही मागच्या पडद्यावर गर्दी रंगवायचो. तेवढंच भरल्यासारखं वाटतं.

मुलगी – तिकिटं कधीच संपलीत बाबा.

बाबा – मी कुठे काय म्हटलं? लगेच झोंबतं तुला. आईवर गेलीस.

मुलगी – आणि हे तिसरं. हे उलटं आहे. लोक खाली खड्ड्यात आणि डीजे वर, त्या लोखंडी कड्यात टांगलेला. आवाज वरून डोक्यात पडतो आणि जमिनीतून पायांत चढतो.

बाबा – पाऊस आला तर सगळी बुडाली.

मुलगी – तळाला निचरा आहे. वर पंप ठेवलेत.

बाबा – सगळ्याला उत्तर आहे तुझ्याकडे.

मुलगी – तुमच्या घरात वाढले. प्रश्न यायच्या आत उत्तर तयार ठेवायची सवयच लागली.

बाबा – मग उपकार मान माझे.

मुलगी – मानते. तुम्ही एकदा म्हणा, चांगलं झालंय.

बाबा – चौथं राहिलंय ना? अर्ध्यावर निकाल देत नाही मी.

ऑपरेटर – या ताई, या! आणि हे कोण, काका?

मुलगी – माझे वडील. बाबा, हे आमचे ऑपरेटर. मोठ्या स्टेजचं मशीन यांच्या हातात आहे.

ऑपरेटर – नमस्कार काका! काय लेक आहे हो तुमची! मी आजवर क्रेनने काय काय उचललं, पुलाच्या तुळया उचलल्या, एकदा तर आख्खी बोट उचलली. पण असला माल कधी उचलला नव्हता. वर बघा ना. मान वर करा, अजून वर!

बाबा – अंगठा.

ऑपरेटर – अंगठाच! तीन मजली! वरून असा सावकाश खाली येतो, अंगावर काटा येतो बघा. पोरांना वाटतं, ते फोनवर लाईक करतात तोच अंगठा, नुसता उलटा टांगलाय. काल चार जणं आली आणि त्याच्याखाली उभी राहून दात काढून फोटो काढून गेली.

बाबा – नखाला चीर आहे.

ऑपरेटर – हो ना! मी म्हटलं, ताई, नख तडकलंय, लांबी लावून बुजवून टाकू का? तर केवढ्या ओरडल्या माझ्यावर!

बाबा – पटाशी लागली होती. पावसाळी दौरा होता आणि सेट रात्रीत उभा करायचा होता. ही चीर माझी आहे.

मुलगी – हो.

बाबा – रेषासुद्धा?

मुलगी – एकूण एक.

बाबा – कुठून घेतल्यास?

मुलगी – तुम्ही दवाखान्यात बेशुद्ध होतात ना, तेव्हा. दातांचा साचा घेतात ती पेस्ट नेली होती मी. बाहेर डॉक्टर भावाला सांगत होते, आता काही खरं नाही. आणि आत मी तुमचा अंगठा धरून बसले होते, पेस्ट सुकेपर्यंत. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, काय ही माया!

ऑपरेटर – ताई, मी... मी जरा केबिनमध्ये जाऊन बसतो.

मुलगी – बसा. वॉकी चालू ठेवा.

बाबा – मेलो असतो तर आठवण राहावी म्हणून घेतलास का साचा?

मुलगी – नाही. जगलात तर दाखवता यावा म्हणून.

बाबा – तिखट झालीस. आणि ते खाली काय आहे? घर?

मुलगी – ओळखा.

बाबा – पुठ्ठ्याचं दिसतंय.

मुलगी – प्लायवूड आहे. पुठ्ठ्यासारखं रंगवून घेतलंय. लाल दार, बाहेरून जिना, गच्चीवर दोरी आणि दोरीवर वाळत घातलेले चिमणे कपडे.

बाबा – तुझ्या आईच्या वाढदिवसाचं.

मुलगी – आठवतंय म्हणजे.

बाबा – न आठवायला काय झालं? जिना चुकला होता. पायऱ्या इतक्या उंच की बाहुलीलाही शिडी लागली असती. तोच चुकीचा जिना तू इथे मोठा करून लावलास, शाबास!

मुलगी – मी तिसरीत होते बाबा! सगळी सुट्टी घातली होती त्यात. आईने टेबलावर मधोमध ठेवलं होतं, फुलदाणी बाजूला करून. तुम्ही आलात, चपलाही न काढता आलात आणि छपरावर अंगठा ठेवलात. टिकतं का बघू. दर वेळी हेच. शाळेतला पूल, आगपेट्यांचा दवाखाना, बाहुलीचा पलंग. टिकतं का बघू, आणि कट्.

बाबा – धंद्याची रीत आहे ती. आमच्याकडे कुठलंही मॉडेल अंगठा लावल्याशिवाय पुढे गेलं नाही. मॉडेल टिकलं तर सेट टिकतो. सेट पडला तर नट मरतो.

मुलगी – माझ्या पुठ्ठ्याच्या घरात कुठला नट राहत होता?

बाबा – सवय म्हणून असते एक.

मुलगी – आई रडली होती त्या दिवशी.

बाबा – तुझी आई कांदा चिरतानाही रडायची.

मुलगी – तिच्याबद्दल एक अक्षर बोलू नका.

बाबा – विषय तू काढलास.

मुलगी – बरं. मग ऐका. रोज शेवटच्या गाण्याला हा अंगठा खाली येणार आणि ते घर मोडणार. हजारो माणसं किंचाळणार, शिट्ट्या मारणार. हा कुणाचा अंगठा, कुणाला माहीत नसणार. फक्त मला माहीत असेल, आणि आजपासून तुम्हाला.

बाबा – एवढा खटाटोप! मला सांगितलं असतंस तर घरीच ऐकून घेतलं असतं.

मुलगी – सांगितलं होतं. आई गेली त्या वर्षी सांगितलं, माझ्या लग्नाआधी सांगितलं. तुम्ही रेडिओचा आवाज वाढवलात.

बाबा – बातम्या असतील.

मुलगी – म्हणून आज एकच मागते. दोन शब्द. ‘मी मोडलं.’ एवढं म्हणा. माझ्याकडे खोली तयार आहे. तळमजल्याला आहे, खिडकीत ऊन येतं. खुर्ची आत जावी म्हणून दार रुंद करून घेतलंय.

बाबा – आणि नाही म्हटलं तर?

मुलगी – सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी येईल. भावाने सही केलीय. मी अजून केलेली नाही.

बाबा – खोलीत किती जण?

मुलगी – आठ.

बाबा – त्यातले घोरणारे किती?

मुलगी – थट्टा नको बाबा. मी खरंच विचारतेय. मला हवंय ते. इतकी वर्षं झाली, मला अजून रात्री ते कट् ऐकू येतं. काहीही हातात घेतलं की वाटतं, आता मागून कोणीतरी येईल. तुम्ही एकदा म्हणालात तर संपेल सगळं. माझ्यासाठी म्हणा.

बाबा – मी नाही मोडलं.

मुलगी – काय?

बाबा – मी अंगठा न्यायचो. टेकायच्या आतच पडायचं. तुझा डिंक ओला असायचा. वाळू द्यायला धीर लागतो, तो तुला कधी नव्हताच. आजही नाही.

मुलगी – खोटं. तोंडावर खोटं बोलताय तुम्ही.

बाबा – नाचता येईना, अंगण वाकडं. जन्मभर माझ्या अंगठ्याला बोल लावत बसलीस. त्यापेक्षा डिंक बदलायचास.

मुलगी – ऑपरेटर! ऐकताय का? ट्रायल घ्या. आत्ता. आणा खाली.

ऑपरेटर – आणतो ताई. खाली कोणी नाही ना? भोंगा देतोय.

(भोंगा वाजतो. तीन मजली अंगठा कुरकुरत खाली येऊ लागतो. या क्षणासाठी तिने वर्षभर जीव काढला होता, पण आता ती तिकडे बघतही नाही. बापाच्या चेहऱ्यावर काय उमटतं तेवढंच तिला बघायचं आहे. तिकडे भिंती आडव्या होतात. चेहऱ्यावर काही उमटत नाही.)

बाबा – पडलं.

मुलगी – बघितलंत? आता बघितलंत?

बाबा – मी बघितलं. तू नाही बघितलंस, तू माझं थोबाड बघत होतीस. दे तो वॉकी इकडे, माझ्या तोंडाशी धर. अहो ऑपरेटर, तुमचा अंगठा कुठे थांबलाय?

ऑपरेटर – घराच्या वर काका, वीतभर वर. तिथे पोचला की मी खीळ सोडतो. भिंती बिजागरीवर आहेत, आपोआप आडव्या होतात. नंतर दोर ओढला की परत उभ्या.

बाबा – म्हणजे तो घराला लागत नाही.

ऑपरेटर – छे छे! ताईंची सक्त ताकीद आहे, अगदी पहिल्या दिवसापासून. काही झालं तरी अंगठा घराला लागता कामा नये. एकदा चुकून जवळ गेला तर दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

बाबा – ऐकलंस?

मुलगी – लाकूड तुटेल म्हणून सांगितलं होतं मी. रोज नवं घर कुठून आणायचं?

बाबा – कारण काही का असेना. वर्षभर राबून तू काय उभं केलंस? अंगठा वीतभर वर, आणि घर आपोआप आडवं. मघापासून मी दुसरं काय सांगतोय?

मुलगी – तसं नाहीये ते.

बाबा – तुझ्या तोंडापेक्षा तुझे हात खरे निघाले. आता म्हणतो, चांगलं झालंय.

मुलगी – नका म्हणू. असं नका म्हणू!

बाबा – तुलाच ऐकायचं होतं ना?

मुलगी – ऑपरेटर, घर उभं करा.

ऑपरेटर – केलं ताई. झकास उभं राहिलं बघा. आज एवढ्यावरच थांबायचं?

मुलगी – परत खाली आणा. वीतभर वर थांबवू नका आणि खीळ सोडू नका. लागू दे.

ऑपरेटर – लागू दे म्हणजे?

मुलगी – मराठी कळतं ना? लागू दे. दाबू दे.

ऑपरेटर – ताई, उद्या फाटक उघडायचंय. सुतार किती खपलेत त्या जिन्यावर! सगळ्या पोस्टरवर तेच घर आहे. तुम्ही पाणी प्या, दोन मिनिटं बसा.

मुलगी – घर कुणाचं आहे?

ऑपरेटर – तुमचंच आहे, पण...

मुलगी – मग आणा खाली.

ऑपरेटर – काका, तुम्ही तरी समजवा हो लेकीला. एक शब्द बोला, ऐकतील त्या तुमचं.

बाबा – मी कशाला मध्ये पडू? तिचं घर, तिचा अंगठा. येऊ दे. टिकतं का बघू.

मुलगी – आणा!

ऑपरेटर – आणतोय... टेकला ताई. छप्पर वाकतंय. थांबवू?

मुलगी – नाही.

ऑपरेटर – गच्ची गेली. जिना गेला. ताई, थांबवू का, अजून दार वाचेल!

मुलगी – थांबवू नका.

ऑपरेटर – गेलं. काही उरलं नाही ताई. आता उद्या पोरांना काय दाखवायचं?

मुलगी – लागला. बघितलंत ना बाबा? या वेळी लागला. आवाज ऐकलात ना? तोच आवाज होता. आता म्हणा. म्हणा ना हो बाबा, कुणी मोडलं?

बाबा – मला काय विचारतेस? माझा हात बघ. मांडीवर आहे. मघाशी तूच ठेवलास.