म्हशीची पावडर

माझं माहेर येरमाळ्याच्या अलीकडं, वाडीवजा गाव, आमी बौद्ध, म्या जलमायच्या वक्ताला बापानं दीक्षा घेतली, घरातले देव गेले पर दळिद्र काय त्येंच्या मागं गेलं न्हाय. नाव माझं शेवंता. शाळा दुसरीपातूर. काय सांगू तुमाला ताई, बहात्तरचा दुष्काळ पडला तवा म्या पंधरा-सोळाची, आईसंगं तळ्याच्या कामावर पाट्या टाकायला जायची, तिथं सुकडी मिळायची, लाल मिलो, म्हंजी परदेशातनं आलेली जवारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला चव म्हनून नव्हती पर पोट भरायचं. तिथंच मला तो नाद लागला. खड्ड्याच्या तळाची माती वर यायची, जराशी ओली, तिचा वास आला की तोंडाला पानी सुटायचं. एक खडा खाल्ला, मंग दुसरा. आईनं बघितलं अन् पाठीत धपाटा घातला, म्हनली भवाने, लगीन व्हायचंय तुझं, कुनी बघितलं म्हंजी.

लगीन झालं ते इकडं, लोहाऱ्याकडं. मालक मॅट्रिक झालेले, तवा आमच्यात मॅट्रिक म्हंजी लई झालं. दुष्काळ सरल्यावर गावोगाव दुधाच्या सोसायट्या निघाल्या, आमच्या गावात बी निघाली, अन् ह्येंना तिथं टेस्टरचं काम मिळालं. म्हंजी काय, तर सकाळ-सांजच्याला बाया दूध घेऊन येनार, ते मापायचं, त्यात काचेची डिग्री सोडायची अन् पानी घातलंय का बघायचं. आता दुधाला आमचा हात लागनार म्हनल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, दोन घरांनी तर म्हैनाभर दूधच घातलं न्हाय. चेअरमन लिंगायत मानूस, दुकानदार, ते म्हनले, डिग्री जात बघत न्हाय, पानी बघती, अन् ज्याच्या दुधात पानी हाय त्यालाच टेस्टरची जात दिसती. मंग आलं सगळ्यांचं दूध हळूहळू.

सासूला म्या आत्या म्हनायची. आत्या कामाला वाघीन, अन् तोंडाला बी. तिच्या घरात जेवायची रीत अशी, की आदी गडी मानसं, मंग लेकरं, मंग म्हशीची आंबवन-पेंड, मंग आत्या, अन् सगळ्यांच्या मागनं म्या. माझ्या वाट्याला भाकरीचा पापुद्रा अन् कोरड्यासाचं नुसतं पानी. तवा मला त्यात काय वावगं वाटलं न्हाय, माझ्या आईनं बी तसंच खाल्लेलं.

पैलं लेकरू माझं आठव्या म्हैन्यात पोटातच गेलं. पोरगा व्हता. त्याचं नाक मालकासारखं व्हतं, म्या बघितलंय, मला बघू देत न्हवते पर म्या बघितलंय. त्यावर म्या बोलत न्हाय कदी.

दुसऱ्या खेपेला दिस गेले अन् माझा मातीचा नाद असा वाढला की इचारू नका. आमचं घर मातीचं, वर माळवद. चुलीमागच्या कोपऱ्यात भिताडावर वंजळभर पानी मारायचं, दम धरायचा, वास सुटला की नखानं उकरायचं अन् पदराच्या गाठीला बांधायचं. दिसभर चघळायची. तिथं मूठ जाईल एवढं भगदाड पडलं, आत्याला वाटलं घूस लागली, तिनं त्यात बाभळीचे काटे कोंबले. म्या शेजारी दुसरं भगदाड पाडलं. मंग एक दिस पदराची गाठ सुटली अन् खडे पडले तिच्यापुढं. ती म्हनली, घूस व्हय तू? पैलं लेकरू ह्याच मातीनं गाडलंस, ह्या खेपेला काय वंगाळ झालं तर येरमाळ्याची यष्टी दावीन तुला, परत येऊ नगंस. अन् चुलीतलं चिपाड घेऊन हातावर मारलं. मालक दारात हुबे व्हते. म्हनले, शेवंता, असं हावऱ्यासारखं करू नको, लोक काय म्हनतील. त्यांना काय सांगनार, मला थांबताच येत न्हाय म्हनून?

आता ऐका मजा. त्याच टायमाला ढोरं बी भिताडं चाटायला लागली व्हती. दुष्काळानं रान खंगलेलं, वैरनीत कस न्हाय, म्हशी चिंध्या खायच्या, हाडकं चघळायच्या, लोक त्येंना बडवायचे. तर दर पंधरवड्याला दुधाच्या गाडीत बसून ढोराचा डाक्टर यायचा. त्यो म्हशीच्या डोळ्याखालचं कातडं बोटानं खाली वढून आतला रंग बघायचा अन् सांगायचा, हिला मारू नका, ही हावरी न्हाय, हिच्या अंगात कायतरी कमी हाय. तांबं, जस्त, लोखंड, अजून कायबाय नावं घ्यायचा, म्हनायचा चिमटीत मावंल एवढंच लागतंय, पर तेवढं लागतंयच. अन् त्यानं सोसायटीत क्षाराच्या पावडरीचं पोतं आनून ठेवलं. सोसायटीची खोली गळायची म्हनून ते पोतं आमच्या घरात. मालक रोज बायांना मापानं वाटायचे अन् डाक्टराचंच बोलनं सांगायचे, मारू नका हां, तिच्या अंगात कमी हाय. म्या आतून ऐकायची. शेजारची म्हस तर आमचंच भिताड चाटायची, एका म्हैन्यात तिनं सोडलं. कातडी अशी झळकायला लागली तिची.

मला वाटलं, ही तर माझीच गोष्ट हाय की.

पैल्या दिशी चिमूटभर खाल्ली. खारट, खडूवानी, जिभंला लोखंड लागल्यावानी. म्हनलं म्हशीला येक चमचा, मंग आपल्याला लवकर गुन यायचा तर मूठ तरी पायजे. बघा अक्कल. पाचवा म्हैना चालू, पोटात लेकरू, अन् म्या चार दिस मुठीमुठीनं म्हशीची पावडर खाल्ली. चौथ्या दिशी सकाळी पोटात अशी कळ आली की म्या दूध मापायच्या जाग्यालाच खाली बसले, वकाऱ्या सुरू, तोंडाला पांढरं लागलेलं. बाया घागरी ठेवून गोळा झाल्या. मालकांनी तोंडाचं पांढरं बोटानं पुसलं, वास घेतला अन् म्हनले, शेवंता, तू हे खाल्लंस? आवाज बारीक झाला त्यांचा. तवा म्या बोलले ताई, येवढ्या सालात पैल्यांदा. म्हनलं, म्हशीनं भिताड चाटलं तर तुमी लोकांना सांगता मारू नका, तिच्यात कमी हाय. म्या चाटलं तर म्या हावरी. म्हस झाल्याबिगर औषद मिळत नसंल तर व्हते म्हस. मालकांनी हातातलं दुधाचं माप खाली ठेवलं अन् मला आधार दिला.

नशीब बघा, त्या दिशी डाक्टर आलेला. त्यो म्हनला, म्या जनावराचा डाक्टर, बाईला औषद द्यायचा मला हक न्हाय, पर डोळा वाचता येतो मला. अन् त्यानं माझ्या डोळ्याखालचं कातडं बोटानं वढलं, म्हशीचं वढायचा तसंच, अन् त्याचं तोंड उतरलं. म्हनला, कागदावानी पांढरं हाय, हिला आत्ताच्या आत्ता गाडीत घाला. दुधाच्या कॅनांच्या मधी मला बसवली. मालक सगळ्या वाटंनं माझा हात धरून, अन् गाडी उसळली की म्हनायचे, जरा सबुरीनं हाका हो. म्या एकच इचारत व्हते, लेकरू हाय का, लेकरू हाय का. हाललंच न्हवतं सकाळधरनं.

दवाखान्यात नर्सबाईनं पोटाला पेल्यासारखी नळी लावली अन् कान टेकला. लई येळ ऐकलं तिनं. मंग म्हनली, हाय, ठोके हायेत. म्या तिथं मोठ्यानं रडले, लाज सोडून. चार दिस ठेवून घेतलं, पोट धुतलं, पोटासाठी औषद दिलं, मंग लोखंडाच्या लाल गोळ्या. नर्सबाई मालकाला म्हनली, माती खाऊन रगत कमी व्हतं अन् रगत कमी म्हनून माती खावी वाटती, असा फेरा हाय ह्यो. ढोराची पावडर ढोराच्या मापाची, मानसाचं माप येगळं, कमी पडलं तरी रोग अन् जास्त झालं तरी ईख. पर खरा रोग काय तर ही सगळ्यांच्या मागनं जेवती. हिला तांदुळजा द्या, डाळ द्या, शेंगदानं-गूळ द्या, अन् वक्ताला जेवू द्या.

घरी आलो. आत्या मारत न्हवती, पर माझ्याशी बोलत बी न्हवती. गोळ्यांनी मला परसाकडंला काळं व्हायला लागलं तर ती मालकाला म्हनली, ईख घालायलेत हिला. मालक म्हनले, लोखंडाचा रंग हाय त्यो. अन् त्या दिसापासनं ते जेवायला बसले की माझं ताट शेजारी मांडायला लागले. आत्याला ते बघवायचं न्हाय, उठून अंगनात जायची.

मंग मालकांनी नर्सबाईला गळ घातली, की तुमी दर बेस्तरवारी सोसायटीत या, गावच्या सगळ्या बाया तिथं आयत्या येत्यात. ती आली. रांगंत हुब्या बायांना इचारलं, माती कोन कोन खातं? सगळ्या खाली मान घालून घागरीत बघायल्या, एक तरनी सून तर फिदीफिदी हसली. मला तिथं हुबं राहवंना. टेस्टरची बायकू, आदीच लोकांची नजर आमच्यावर, पर म्हनलं जाऊ दे इज्जत, लेकरू वाचलंय तर. म्या मोठ्यानं म्हनले, म्या खाते, पंधराव्या सालापासनं खाते, भिताड उकरून खाते.

आमची घागर घेऊन आत्या माझ्या मागंच हुबी. मला वाटलं आता हिनं झिंज्या धरल्या. तिनं घागर खाली ठेवली, नर्सबाईपुढं गेली, अन् म्हनली, माझा बी डोळा बघा. म्या बी खाल्ली. तीन लेकरं गेली माझी, तिन्ही मला मातीनं खाल्ल्यावानी वाटली, मला वाटायचं ह्या तोंडानंच गिळली म्या त्येंना. हिच्या हातात खडे बघितले तवा मला हिचा राग न्हवता आला, मला भ्या वाटलं. नर्सबाईनं तिचं कातडं वढलं. तिचं बी पांढरं.

मंग काय सांगू, ती हसलेली सून पुढं आली, मंग तिची जाऊ, मंग ज्या घरांनी म्हैनाभर दूध घातलं न्हवतं त्या घरातली म्हातारी आली. त्या दिशी दूध मापायला दुपार झाली अन् ते नासलं बी थोडं, पर चेअरमन काय बोलले न्हाईत.

चार म्हैन्यांनी पोरगी झाली मला. मोठ्यानं रडनारी. आत्यानं तिला वंजळीत घेतलं अन् पैलं बोलनं बोलली ते असं, शेवंता, गरम भाकर हाय, आदी तू खा. ती गेली त्याला लई वर्सं झाली, पर तिच्या हातची ती भाकर मला अजून आठवती, जवसाची चटनी अन् वर तेल. तिच्याबद्दल कुनी वाईट बोललेलं मला खपत न्हाय.

मालक बी गेले आता. त्र्याण्णवच्या भूकंपात ती भिताडं गेली, आमी तेवढे वाचलो, आता सिमिटाचं घर हाय. पोरगी तालुक्याच्या दवाखान्यात रगत तपासती. ती सांगती, आई, मानसाच्या अंगाला सेलेनियम म्हनून एक लागतं, इतकं कमी की डोळ्यांनी दिसायचं न्हाय, नसलं तर मानूस आतनं झिजतं अन् जास्त झालं तर केसं-नखं गळत्यात. अशी लई हायेत म्हनं. मला काय ती नावं तोंडात बसत न्हाईत. म्या म्हनलं, बाई, जे डोळ्याला दिसत न्हाय तेच बाईच्या ताटात कुनी वाढत न्हाय. माझं आता बरं चाललंय, गुडघे दुखत्यात तेवढंच. अन् माती खानाऱ्या ज्या पोरी अजून माझ्याकडं इचारायला येत्यात त्येंचं समद्यांचं चांगलं व्हावं, पोटची लेकरं हसती-खेळती जगावी, दुसरं मागनं न्हाय माझं.

बरं, लिवायचं बास करा. पोरीच्या पाठीवर ल्योक झाला, त्याची बायकू ताटं करायली. तुमी पावनं म्हनून आदी बसा असं म्या म्हननार न्हाय. सुनंला बी हाका मारा आतून, तव्यावरची भाकर म्या उतरवते, अन् तिघी संगंच बसू.