समलंब चौकोन आणि आमची विद्यार्थिनी

आमच्या घरात यंदा दहावी होती, हे तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. विद्यार्थिनी आमची बायको सुमन, वय वर्षं साठ. मास्तर मी, कारण पेन्शनराचं शहाणपण बाहेर कोणी ऐकून घेत नाही.

भूमितीच्या आदल्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं. "मी न्हाई बसायची पेपरला. लय अवघड हाय."

मी समलंब चौकोन काढला, त्यात दोन्ही कर्ण मारले आणि ऐटीत म्हणालो, "सोपं आहे. वरचा-खालचा त्रिकोण समरूप, डावा-उजवाही समरूप."

ती वाकून बघत राहिली. "आवं, डावा लांबुळका, उजवा बसका. समरूप कसले? क्षेत्रफळ तेवढं सारखं हाय. खालच्या बाजूवर दोन मोठे त्रिकोण हायत, दोघांचा पाया एक, उंची एक. दोन्हीतला सामाईक तुकडा काढला की उरतंय ते सारखंच."

मी पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर होतं.

"उद्या तूच बस," मी म्हणालो. "मी बसलो तर नापास होईन."

ती हसली, मग हळूच म्हणाली, "फाटकाशी थांबशीला न्हवं? दोन तास हायत."

"थांबतो की. कचेरीत जन्मभर दुसरं काय केलं?"