मोटार विकली आणि सुटलो!

...अहो, सुटलो काय विचारता, सुटलोच! मोटार विकली आणि सुटलो! लोणावळ्यात जो भेटतो तो तोंड पाडून विचारतो, 'वकीलसाहेब, आता यष्टीनं का?' जसं काही माझ्या घरचं कुणी गेलंय! तुम्हाला सांगतो, एका पारशानं बंगला आणि मोटार दोन्ही विकायला काढलं, बंगला शहाण्यानं घेतला आणि मोटार मी घेतली. चढाला बंद पडायची, उताराला बंद पडायची, आणि सपाटीला? सपाटीला तर दम खायलाच थांबायची! काळा कोट आणि हाताला ग्रीस! आमची ही म्हणायची, 'अहो, वडगावच्या कोर्टात तुम्ही वकील म्हणून जाता का मेकॅनिक म्हणून?' शेवटी पेट्रोलचा भाव भडकला, मोटार विकली आणि सुटलो!

पण माझं दुखणं निराळंच आहे... ऐका तर! अकरा वर्षं माझ्याकडे एक दावा होता. आंदर मावळातला हौशीराम माझा पक्षकार, आणि समोर कोण? त्याचाच चुलतभाऊ गेणू! भांडण कशाचं? दोन भातखाचरांच्या मधल्या बांधाचं! गेणूनं तो हातभर सरकवला म्हणे. तारखेला दोघं डोंगरातनं नऊ मैल तुडवत कान्हे फाट्यावर यायचे, मी लोणावळ्याहून मोटार घेऊन यायचो आणि मोटार बरोब्बर फाट्यावर बंद पडायची, नेम म्हणजे नेम! मग दोघं धक्का मारायचे, वादी डावीकडनं, प्रतिवादी उजवीकडनं! सुरू झाली की हौशीराम टुणकन माझ्याशेजारी आणि गेणू धुळीत उभा! पोचेपर्यंत बारा वाजायचे, कोर्ट म्हणायचं, 'पुढची तारीख!' अकरा वर्षांत माझा युक्तिवाद कुणी ऐकला असेल तर शपथ!

म्हणून तर मोटार विकली आणि सुटलो! परवा तारीख होती, यष्टीनं निघालो, साडेदहाला वडगावात पोचणार! युक्तिवाद असा घोटलेला की आमच्या हिलासुद्धा पाठ! फाट्यावर हौशीराम चढला, पाठोपाठ गेणू. तिघांचं बाकडं, मी मधे. आता अकरा वर्षं दोघांची बोलाचाल बंद, मग बोलणार कसे? माझ्यामार्फत! सुरुवात हौशीरामची...

'वकीलसाब, इचारा त्याला, म्हस याली का?'

'सांगा त्याला, याली. रेडी झालीया.'

'इचारा, खरवस एकट्यानंच गिळला का?'

'सांगा, आमची कारभारीण म्हनली, दादास्नी खरवस घिऊन जावा. पिशवीत डबा हाय, पर त्यो खाईल का?'

खाईल का! अहो, डबा उघडला, इकडनं तिकडं, तिकडनं इकडं, मधे मी, आणि गुळाचं पाणी माझ्या काळ्या कोटावर! कोट झटकायला उभा राहिलो... आणि तिथंच घात झाला! खाली बघतो तर दोघं मांडीला मांडी लावून बसलेत, एका डब्यात दोन हात!

वडगावला उतरलो, तर हौशीराम टोपी काढून म्हणतो, 'वकीलसाब, मिटलं आमचं. शेतातल्या उंबराच्या झाडापासनं दोरी धरतो न् बांध घालतो.'

'अरे, मिटलं कसं? आणि माझा युक्तिवाद?'

'राग धरू नका. तुमच्या मोटारीतनं बाजारात उतरायचो, मागनं ह्यो गेण्या फुफाटा तुडवत यायचा, त्याचं त्वांड बघून मला म्हैनाभर ग्वाड लागायचं. आता यष्टीत त्यो बी बसतोय, मी बी बसतोय... मग दावा चालवायचा कशापायी?'

मी गेणूकडे बघितलं. तर तो खाली बघून म्हणाला, 'धक्का म्याबी मारायचो की वो सायेब. येक डाव तुमी "मागं बस" म्हनला असता, तर पयल्याच वर्साला बांध सोडला असता.'

वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. मागची सीट रिकामीच असायची, आणि मला एकदा सुचलं नाही! दोघं उरलेला खरवस माझ्या हातावर ठेवून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहा प्यायला गेले. मी कोर्टाच्या पायरीवर बसून खाल्ला. बरा होता.

मोटार विकली आणि सुटले ते दोघं! आणि मी? अकरा वर्षं समजत होतो, आपण वकिली करतोय... कसली वकिली घेऊन बसलात, ड्रायव्हरकी करत होतो!