इंचभर मागे घेतलेला कॅमेरा

सन्माननीय अध्यक्ष, अधिष्ठाता महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे सर, वहिनी आणि सहकारी मित्रहो,

दुपारी बातमी आली आणि प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखांनी मघाशी जिन्यात तिला दुजोराही दिला. सरांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचे दोनशे बारा व्हिडिओ नव्या संगणकाला शिकवण्यासाठी निवडले आहेत. शिकाऊ डॉक्टरांचा हात किती स्थिर आहे, याचे गुण यापुढे तो संगणक सरांच्या हाताशी ताडून देईल. आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मीही वाजवल्या.

त्या प्रत्येक वेळी पोटातला कॅमेरा मी, त्यांच्या शस्त्रक्रियागृहातल्या नर्सनं, धरला होता. सर मला 'तिपाई' म्हणायचे. "भूलतज्ज्ञ बदला, चालेल, माझी तिपाई हलवू नका." तिपाईनं भाषण करायचं नसतं, पण आज ऐकून घ्या.

दोन वर्षांपूर्वी पडद्यावर सरांचा चिमटा थरथरताना दिसला. मी काय करावं? कॅमेरा इंचभर मागे घेतला. चित्र लहान झालं, तशी थरथरही लहान झाली. खोलीत कुणाला दिसली नाही. सरांनाही नाही, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर पडद्याकडेच बघतात. मला वाटलं, मी त्यांची लाज राखली. मग ती सवयच झाली.

गेल्या वर्षी एका शिक्षिकेचं पित्ताशय काढताना, कॅमेरा असाच मागे असताना, चिमट्याचं टोक शेजारच्या पित्तनळीला लागलं. चौथ्या दिवशी त्यांचे डोळे पिवळे झाले. चौकशीत 'पित्तनळीची ठेवण वेगळी होती' असं लिहिलं गेलं. त्या वाचल्या, पण दर तीन महिन्यांनी आत बसवलेली प्लास्टिकची नळी बदलायला येतात. मला बघून म्हणतात, "सिस्टर, त्या दिवशी भूल देताना तुम्ही माझा हात धरलात म्हणून मी घाबरले नाही." डोळे मिटले की मला ती दुखावलेली पित्तनळी दिसते, आणि तिथं कॅमेरा मागे घेता येत नाही.

आज तीन वाजता मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "घरी हातातला चमचा हलायचा गं. पण पडद्यावर हात स्थिर दिसायचा. मी पडद्यावर विश्वास ठेवला." आणि पुढे म्हणाले, "मानपत्र वाचायच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर मला ते घरी न्यावं लागेल."

म्हणून आधी सांगितलं. प्रमुखांना सर्वांसमक्ष विनंती आहे, या दोन वर्षांतले शेवटचे एकसष्ट व्हिडिओ संगणकाला दाखवू नका. नाहीतर थरथरणारा हात तो उद्या स्थिर ठरवेल.

आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. समारंभाला न शोभणारं बोलले असेन, तर तेवढं पदरात घ्या. बाकीची माफी इथं मागायची नाही. सोमवारी चौकशी समितीसमोर मी ते एकसष्ट व्हिडिओ लावून, कॅमेरा कुठे कुठे मागे गेला ते दाखवीन. बुधवारी त्या शिक्षिका तपासणीला येतील. सर येणार आहेत. आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसू, आणि आधी मी बोलेन.