अस्वलाची चड्डी

भाची : मावशी, तू आधी बस. आणि ओरडू नकोस.

मावशी : मी कुठे ओरडतेय? हा माझा वर्गातला आवाज आहे. शेवटच्या बाकापर्यंत जावा लागतो.

भाची : शेवटच्या बाकावर कोणी नाहीये. शाळा सुटली कधीच.

मावशी : भिंगरी आहे ना. तिची आई उशिरा येते. ए भिंगरी, आई येईपर्यंत चित्र काढत बस. आणि कान इकडे नको.

भिंगरी : हो बाई.

मावशी : हं. काय विचारत होतीस? पुन्हा विचार, म्हणजे मला नीट राग येईल.

भाची : पेपर फोडलास का?

मावशी : वा! सख्ख्या बहिणीची मुलगी. हिचं शेंबडं नाक मी पुसलं, आणि ही मला चोर म्हणते. तेही तिसरीच्या बाकावर बसून, गुडघे हनुवटीला लावून.

भाची : मी नाही म्हणत. आमचे साहेब म्हणतात. मी फक्त विचारतेय.

मावशी : साहेबांना म्हणावं, तिसरीच्या गणिताचा पेपर फोडून मी करू काय? मला पास व्हायचंय का?

भाची : ऐकून तर घे. आम्ही निम्म्या शाळांना टॅब दिले, निम्म्यांना नाही दिले. टॅबवर गणित करून मुलं सुधारतात का, एवढंच बघायचं होतं. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना एकच कागदी पेपर. बरोबर?

मावशी : ती यंत्रं माझ्या डोक्यावर आणून आदळलीत ते ठाऊक आहे मला.

भाची : तर निकाल असा, की काही फरक नाही. टॅबवाले आणि बिनटॅबवाले, सगळे सारखेच.

मावशी : मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मी पैसे न घेता सांगितलं ना, म्हणून कुणाला पटलं नाही.

भाची : फक्त एक वर्ग सोडून. तिसरी ब. पेपरात तुझा वर्ग सगळ्यांच्या वर आहे, मावशी. खूप वर.

मावशी : अगं मग अभिनंदन करायचं सोडून ही उलटतपासणी कसली?

भाची : कारण टॅबवर तुझाच वर्ग सगळ्यांच्या खाली आहे. तीनातली दोन गणितं चूक, तीही वर्षभर. साहेब म्हणाले, चार पर्यायांतून डोळे मिटून बटण दाबलं तरी साधारण एवढंच बरोबर येतं. म्हणजे टॅबवर ठार ढ, आणि पेपरात एकदम हुशार. वर कुणीतरी त्यांना सांगितलं, की त्या वर्गाच्या बाई माझी मावशी आहेत.

मावशी : कुणीतरी कशाला, आमचे हेडसर. त्यांच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

भाची : आणि पेपराच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडे जेवायला आले होते. पेपरांचं पाकीट माझ्या बॅगेत होतं. खरं सांग, तू माझी बॅग उघडली होतीस?

मावशी : उघडली होती.

भाची : मावशी!

मावशी : डबा ठेवायला! हाडं दिसायला लागलीत तुझी. खाकी पाकीट होतं, त्याच्यावर डबा आडवा बसला. सांडलं असेल तर बोल, त्याची माफी मागते.

भाची : सांडलं होतं. पाकिटावर हा एवढा तेलाचा डाग आहे. साहेबांनी तो बोटाने दाखवला मला.

मावशी : डाग राहू दे. पाकिटाला सील होतं ना?

भाची : रबर होतं.

मावशी : रबर! गणिताची एवढी मोठी तपासणी, आणि पाकिटाला रबर. आणि चोर मी!

भाची : हे बघ, उद्या सकाळी रिपोर्ट जातोय. एक तर तुझा वर्ग त्यातून काढायचा आणि खाली शेरा मारायचा, शिक्षिकेवर संशय. तसं झालं तर तुझ्याकडून गणित काढून घेऊ, असं हेडसर बोलून बसलेत. तुला चित्रकला देणार.

मावशी : चित्रकला? मला सरळ रेघ पट्टीशिवाय येत नाही.

भाची : आणि माझी नोकरी गेल्यात जमा. नाहीतर मग हे झालं कसं, ते तू मला सांगायचं.

मावशी : शिकवलं म्हणून झालं! पंचवीस-तीस वर्षं घसा कोरडा करतेय, कधीतरी फळ येणारच ना?

भाची : मग टॅबवर का नाही आलं?

मावशी : ते टॅबला विचार. त्या तासाला मी पाठ करून बसते.

भाची : म्हणजे?

मावशी : म्हणजे खुर्ची फिरवते आणि खिडकीतून बाहेर बघते. निषेध.

भाची : वर्षभर?

मावशी : निषेध काय अर्धवट करायचा असतो? पोरं गुणी आहेत, चिडीचूप बसतात. मध्येच एकदम खिदळतात, की मी टेबलावर पट्टी आपटते, की पुन्हा चिडीचूप.

भाची : कशाला खिदळतात?

मावशी : मला काय माहीत? माझ्या पाठीला डोळे आहेत?

भिंगरी : अस्वलाला.

मावशी : तुला कान इकडे नको म्हटलं होतं ना?

भिंगरी : कान नाही आले बाई. तोंडच आलं.

भाची : थांब मावशी. इकडे ये गं. कुठल्या अस्वलाला?

भिंगरी : टॅबवाल्या ताई, तुम्हाला तुमचं अस्वल माहीत नाही?

भाची : माहीत आहे की. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतं.

भिंगरी : ते बोअर. चुकलं की चिखलात पडतं, ते भारी. आणि लागोपाठ दहा चुकले की त्याची चड्डी सुटते.

मावशी : कोणाची?

भिंगरी : अस्वलाची. मग ते अशी धरून पळतं आणि शिट्टी वाजते. बेरजेच्या धड्यात लाल चड्डी आहे. वजाबाकीत ठिपक्यांची. गुणाकाराची तर फाटकीच आहे.

मावशी : म्हणजे वर्षभर माझ्या पाठीमागे अस्वल नागडं पळत होतं?

भिंगरी : नागडं नाही बाई. आत दुसरी असते.

भाची : ते चित्रवाल्याने घातलंय, मावशी. सारखं चुकणारं मूल रडायला लागू नये म्हणून. दहा-दहा चुका कोण करणार, म्हणून आमच्यापैकी कुणी ते धड बघितलंही नाही.

भिंगरी : आमच्या वर्गात सगळ्यांचं बघून झालंय.

भाची : मग पुढच्या धड्यात कसे जाता? पाच बरोबर आल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही.

भिंगरी : चड्डी बघून झाली की द्यायची पाच बरोबर. नवीन धडा, नवीन चड्डी.

भाची : थांब. थांब थांब. मावशी, माझ्या लॅपटॉपचा तो चार्जर दे. साहेबांनी मला नुसती टक्केवारी पाठवली होती, एकेक गणित मी उघडलंच नव्हतं... हे बघ. दहा चूक, पाच बरोबर. दहा चूक, पाच बरोबर. हा दुसरा मुलगा, तेच. ही तिसरी, तेच. अगं, सगळा वर्ग एका सुरात चुकलाय!

मावशी : मला कळेल असं सांग.

भाची : हीच सांगेल. काय गं, लागोपाठ दहा चुकायचे, तर मध्ये एकही बरोबर येऊन चालत नसेल ना?

भिंगरी : छे! एक जरी आलं तरी पुन्हा पहिल्यापासून. चष्म्याचं एकदा नववं बरोबर आलं. चष्मा म्हणजे माझ्या पुढच्या बाकावरचा. आख्खी रांग त्याच्याशी कट्टी होती.

भाची : मग नक्की चुकायचं कसं?

भिंगरी : सोप्पंय. आधी बरोबर काढायचं. शेजारच्याला दाखवायचं. दोघांचं सारखं आलं की मग ते सोडून दुसरं कुठलंही दाबायचं.

मावशी : आधी बरोबर काढायचं?

भिंगरी : हो मग. नाहीतर चुकून बरोबर येतं ना.

मावशी : अठ्ठेचाळीस गुणिले सहा.

भिंगरी : चूक सांगू की बरोबर?

मावशी : बरोबर सांग!

भिंगरी : दोनशे अठ्ठ्याऐंशी.

मावशी : वही न काढता?

भिंगरी : टॅबच्या तासाला वही काढलेली तुम्हाला चालत नाही. तुम्ही म्हणालात, त्या डब्याकडेच बघत बसा.

भाची : मावशी, तू पेपर फोडला नाहीस.

मावशी : हे मी मघापासून सांगतेय, तेव्हा पटलं नाही. अस्वलाने साक्ष दिली, आता पटलं. काढ गं एक टॅब कपाटातून. बघू दे तरी हा काय प्रकार आहे.

(भिंगरी भराभर चुकत जाते. धपकन पडल्याचा आवाज, पुन्हा, पुन्हा. मग शिट्टी. मावशी डोळ्यांना पदर लावून हसतात, आणि मग तो पदर जरा जास्तच वेळ डोळ्यांवर राहतो.)

भाची : मावशी? काय झालं?

मावशी : काही नाही गं. वर्ग सगळ्यांच्या वर आला म्हणालीस ना, तेव्हा आतून इतकं बरं वाटलं होतं. तू चोर म्हणत होतीस, तरी बरं वाटत होतं. म्हटलं, चला, मुलांना काहीतरी आलं आपल्या हातून. आणि ते निघालं अस्वलाच्या हातून. हातून तरी कुठे.

भाची : गुणाकार तूच शिकवलास त्यांना. फळ्यावर तूच होतीस. अस्वलाने फक्त चुकू दिलं.

मावशी : आणि मी देत नाही?

भाची : मी तुझ्याच वर्गात होते तिसरीत. येत असलेलं उत्तरही सांगायचे नाही मी. तू पट्टी आपटलीस की आख्खा पाढा पोटात जायचा.

मावशी : मी तुला कधी बोटही लावलं नाही.

भाची : नाही लावलंस. आपटायचीस फक्त.

मावशी : ...आणि तरी मोठी झाल्यावर तू गणिताचीच नोकरी धरलीस?

भाची : घरी आल्यावर बाहुल्यांना शिकवायचे. त्यांच्यासमोर चुकलं तरी चालायचं.

मावशी : हे मला आज सांगतेस!

भाची : आज तू बसून ऐकतेयस म्हणून.

मावशी : बरं. बाकीच्या शाळांनाही हेच अस्वल दिलं होतं ना? मग तिथली पोरं का नाही सुधारली?

भाची : तिथे बाई मागे उभ्या राहून बरोबर उत्तरं सांगतात. टॅबवर आकडे चांगले दिसावेत म्हणून. मी स्वतः बघितलंय ते. सगळ्या शाळांत पाठ करून बसलेली तू एकटीच.

मावशी : म्हणजे माझ्या निषेधामुळे झालं!

भाची : थोडंफार.

मावशी : थोडंफार कशाला? रिपोर्टात लिही. शिक्षिकेने वर्षभर निष्ठेने पाठ फिरवली.

भाची : सगळं लिहिते. दहा चूक, पाच बरोबर, प्रत्येक मुलाचं. यापुढे तुझ्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. फक्त एक आहे. हे वाचलं की आमची कंपनी ती चड्डी घट्ट करून टाकेल. मुलं मुद्दाम चुकतात म्हटल्यावर ते ठेवणार नाहीत.

भिंगरी : का? आम्ही काय केलं?

मावशी : आणि नाही लिहिलंस तर?

भाची : तर तू चोर, आणि मी चोराची भाची. आणि अस्वल मजेत.

मावशी : अगं, त्यांना म्हणावं उलटं करा. दहा बरोबर आले की सुटू दे चड्डी.

भिंगरी : ई! मग त्यात काय मजा? बरोबर तर सगळे सांगतात तेव्हा द्यायचंच असतं.

मावशी : बघ, ही पोरगी तुमच्या साहेबांच्या जागी बसायला हवी. ...लिही तू. खरं आहे ते सगळं लिही. उतारवयात चोर म्हणवून घ्यायची माझी तयारी नाही. अस्वलासाठी तर मुळीच नाही.

भाची : नक्की?

मावशी : नक्की. आणि खाली माझी तक्रारही लिही, की पाकिटाला रबर होतं.

भिंगरी : बाई, मग अस्वल नाही पडणार आता?

मावशी : नाही बाळा. नुसतं उभं राहील आणि टाळ्या वाजवील.

भिंगरी : मग चुकलं तर काय होणार?

मावशी : काही नाही होणार.

भिंगरी : काहीच नाही?

मावशी : पुन्हा करायचं. मी खुर्ची इकडे तोंड करून ठेवीन. फारच भारी चुकलात तर बघू, एखाद्या दिवशी मीच पडेन.

भिंगरी : चिखलात?

मावशी : खुर्चीवरून. आणि पुढचं विचारू नकोस, मी साडी नेसते.

भाची : भिंगरी, आई आली बघ फाटकात. दप्तर घे.

भिंगरी : बाई, आणि पट्टी?

मावशी : पट्टी रेघा मारायला लागते गं.