मोहटोल्याच्या पटात चिनी विमान

जबाब

मी धनराज सोमाजी भांडेकर, वय ५२ वर्षे, धंदा शेती व पटाच्या हंगामात भोंग्यावर कॉमेंट्री, राहणार मौजा मोहटोला, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. आज रोजी पोलीस मदत केंद्रात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहतो. हवालदार म्हणाले, भाऊ, तू बोलशीन तसाच लिहितो. म्हणून बोलून राह्यलो. मध्ये थांबवू नये, मले थांबायची सवय नाई.

आमच्या गावात दरसाल शंकरपट भरते. बैलजोड्यांची शर्यत. पटात जोडीले मालकाच्या नावानं कोणी पुकारत नाई, गावाच्या नावानं पुकारतात. पोर्ला सुटली, आष्टी मागं राह्यली, असंच मी आजवर बोलत आलो. तोंडाले तेच वळण पडलं. आजच्या प्रकाराचं मूळ तेच होय, दुसरं काई नाई.

माझा मोठा भाऊ देवाजी याची पोरगी उर्वशी, वय २१ वर्षे, ही कम्प्युटरवर लढाऊ विमानांचा खेळ खेळते. तिचं विमान चीनचं आहे, जे-टेन. ते फक्त खेळात आहे, गावात कुठीही ठेवलेलं नाई, हे केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या सूचनेवरून नमूद करतो. आज तिची सेमीफायनल आणि फायनल होती. जिंकणाऱ्याले विदर्भाच्या संघात जागा, संघ नागपूरले जमणार. देवाजीनं तिले बजावून ठेवलं होतं का निवड झाली त ठीक, नाई त कम्प्युटर माळ्यावर आणि पाव्हणे पाहायले बोलवायचे. पोरगी हो म्हणाली. तवापासून ती धड जेवत नव्हती. तिच्या मायनं केलेली वडाभाताची थाळी तशीच परत गेली, यावरून काय ते समजावं.

गावात नेट फक्त ग्रामपंचायतीत चांगलं चालते आणि पटाचा मंडप त्याच्या भिंतीले लागून आहे. म्हणून उर्वशीनं कम्प्युटर तिथं नेऊन मांडला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. लोकं खिडकीशी गर्दी करून राह्यले होते आणि मागच्याले काईच दिसत नव्हतं. ते म्हणाले, धनराजभाऊ, सांगा ना काय चालू आहे. मी माईक घेतला. कोणी सांगा म्हटल्यावर मी गप राह्यलो, असं कधी झालं नाई.

सेमीफायनल ब्रह्मपुरीच्या पोराशी होती. मी माझ्या सवयीनं बोललो. शब्द असे होते: "चिनी विमान आलं! ब्रह्मपुरीले रडारनं धरलं! मिसाईल सुटली! गेली, ब्रह्मपुरी गेली!" मंडपात शिट्ट्या वाजल्या. भोंगे चार दिशेले होते, हे माझ्या ध्यानात राह्यलं नाई.

गुणाबाई कुनघाडकर, वय अंदाजे ७०, ह्या तवा आपल्या वावरात होत्या. त्यांची पोरगी पुनम ब्रह्मपुरीले दिली आहे. त्यांनी भोंग्यावर ऐकलं आणि पुनमले फोन लावला. फोन कोणी उचलला नाई. बाई अनवाणी पळत इथं मदत केंद्रात आल्या आणि चीननं ब्रह्मपुरी उडवली म्हणून सांगितलं. साहेब गाडी घेऊन आले, त्यांनी माईक, भोंग्याचं मशीन, कम्प्युटर, मी आणि उर्वशी असं सगळं सोबत आणलं. मले त्याचा राग नाई. मी साहेब असतो तरी आणलं असतं.

इथं आल्यावर पुनमचा फोन आला. ती अंगणात मिरच्या वाळवून राह्यली होती, मोबाईल घरात होता. गुणाबाई रडल्या, मग मले पोटभर शिव्या दिल्या. त्या मी ऐकून घेतल्या. त्या इथं लिहू नयेत, बाई मोठ्या आहेत.

पण फायनल चार वाजता होती आणि कम्प्युटर जप्तीत. हजर नाई झाली त पोरगी बाद. उर्वशी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून राह्यली होती. माझ्या तोंडामुळं तिचं वाटोळं होऊन राह्यलं होतं आणि माझं तोंड पहिल्यांदा बंद पडलं. मी साहेबांले हात जोडले. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, सदर खेळ घातक आहे का नाई, याची खात्री करणं भाग आहे, कम्प्युटर चालू करा. केंद्रातलं नेट जोडून दिलं. मले ताकीद दिली का कोणत्याही गावाचं नाव घ्यायचं नाई.

फायनल सिरोंचाच्या पोराशी होती. त्याचंही विमान जे-टेनच. गुणाबाई घरी गेल्या नाईत, खुर्ची ओढून बसल्या. त्याईले बारीक दिसत नाई, म्हणून मी हळू आवाजात सांगत होतो. रडार म्हणजे अंधारातला टॉर्च. आपल्याले लांबचं दिसते, पण ज्याच्यावर पडला त्याले बी कळते का कोणीतरी पाहून राह्यलं. समोरच्यानं लांबूनच पीएल-पंधरा सोडली. ही मिसाईल लय लांब जाते आणि शेवटी स्वतःच्या रडारनं शोधत येते.

तेवढ्यात देवाजी दारात आला. पोरीचं नाव ठाण्यात आलं म्हणून तो पेटलेला होता. चाल घरी, म्हणाला. उर्वशीनं मान वर केली नाई. ती म्हणाली, "बाबा, मिसाईल येऊन राह्यली. थांबा."

देवाजी थांबला. मी त्याचा लहान भाऊ, मले तो आजपर्यंत कोणाच्या सांगण्यावर थांबलेला माहीत नाई. पोरीनं विमान मिसाईलले आडवं फिरवलं आणि खाली दरीत घातलं. जमिनीच्या, झाडाडोंगराच्या गचपणात ते मिसाईलले वेगळं ओळखू आलं नाई, ती डोंगरावर जाऊन फुटली. त्यानं आणखी एक सोडली, ती बी तशीच वाया गेली. मग उर्वशीनं आपलं रडार बंदच करून टाकलं. सिरोंचावाला वर आभाळात शोधून राह्यला होता आणि ही दरीदरीनं त्याच्या मागं. देवाजी तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राह्यला होता. तो म्हणाला, सोड ना आता. ती म्हणाली, अजून नाई. साहेब, हवालदार, गुणाबाई, कोणी हालत नव्हतं. मग तिनं लहान मिसाईल सोडली, इंजिनाच्या गरमीवर जाते ती, आणि समोरचं विमान पडलं.

गुणाबाईनं पहिली टाळी वाजवली. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, खात्री झाली. संघात उर्वशीचं नाव आलं. मले लय आनंद झाला, तो मी मोठ्यानं बोलून दाखवला, पण गावाचं नाव घेतलं नाई. देवाजीनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, सगळ्याईले चहा सांगितला आणि पोरीले विचारलं का नागपूरची गाडी किती वाजता आहे. गुणाबाईंची आता काई तक्रार नाई. यापुढं माणसाले माणसाच्याच नावानं पुकारीन, जमलं त.

वरील मजकूर हवालदारानं मोठ्यानं वाचून दाखवला. देवाजी म्हणाला, ते विमान पाडलं तेवढं पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर निघाला.

(सही) धनराज सोमाजी भांडेकर