टेप उजव्या घोट्याला

(देविकाचा फिजिओथेरपीचा दवाखाना, इलाइट चौराहा. समोर तिची भाची मयुरा.)

देविका : ही टेप कुणी बांधली?

मयुरा : कोच भैयांनी. आत्या, फिटनेसच्या कागदावर सही तेवढी कर ना. उद्या रेल्वेच्या नोकरीसाठी हॉकी ट्रायल आहे.

देविका : सही कुठं पळून जात नाही. उजवा पाय मुरगळला म्हणतेस. कधी?

मयुरा : पंधरा दिवस झाले. गरौठ्याच्या मॅचमध्ये. आता एकदम बढिया आहे.

देविका : डोळे मीट. मी पाऊल वळवते, तू सांग कुठं वळलं.

मयुरा : आत... आता बाहेर... आता थोडं खाली. बघ, सगळं सही!

देविका : हो. पंधरा दिवसांपूर्वी मुरगळलेला पाय इतकं बिनचूक सांगत नाही.

मयुरा : तू पण ना! पास झाले तरी शक?

देविका : मघाशी खिडकीतून पाहिलं तुला. ऑटोतून उतरलीस ती ह्याच पायावर. जिनाही ह्याच पायानं रेटत चढलीस. दुखऱ्या पायाला कुणी असं राबवत नाही. डावा मोजा काढ.

मयुरा : डाव्याला काय झालंय?

देविका : तेच बघायचंय. काढ म्हणते ना!

मयुरा : घे, काढला.

देविका : अगं, केवढा सुजलाय हा!

मयुरा : त्या मॅचला मुरगळल्यावर टेप डाव्यालाच बांधली होती. ती बघून समोरच्या टीमच्या पोरींनी नेमक्या तिथंच स्टिका घातल्या. म्हणून आता चांगल्या पायाला बांधली. कसम से, एवढंच.

देविका : एवढंच? मीही चांगलाच पाय तपासावा, म्हणून नाही?

मयुरा : ...हां. म्हणून पण. आत्या, पुढच्या वर्षी माझं वय निघून जाईल. ही नोकरी गेली तर बाबा हॉकी बंदच करतील.

देविका : डोळे मीट. डावं पाऊल कसं आहे आत्ता?

मयुरा : सरळ.

देविका : उघड डोळे.

मयुरा : हे तर आत वळलंय. मला कळलंच नाही.

देविका : धावताना असं पडलं, तर घोटा कायमचा जाईल. भीती वाटते गं मला.

मयुरा : एक चान्स दे. ह्या वेळी बरोबर सांगितलं तर सही करशील?

देविका : करीन. मीट डोळे.

मयुरा : थांब हं... बाहेर. बाहेर वळवलंस ना?

देविका : मी अजून हलवलंच नाही, मयू.